तळ्यातला थाई मागूर हटवताना: आधी वाटा बंद करा, मग पाणी उपसा

थाई मागूर हा बाहेरून आलेला, मिशावाला मासा. तो हटवायची मोहीम बहुतेक ठिकाणी एकाच पद्धतीने फसते. मेमध्ये पंप लावतात, पाणी शेजारच्या ओढ्यात सोडतात, दिसतील तेवढे मासे मारतात, चिखल तसाच ठेवतात आणि पाऊस लागला की कुठूनतरी मत्स्यबीज आणून टाकतात. पुढच्या वर्षी तळ्यात पुन्हा मागूर असतो, आणि आता तो ओढ्यातही असतो. म्हणजे एका तळ्याचं दुखणं अख्ख्या पाणलोटाला लागतं.

हा मासा मारणं फार कठीण नाही. कठीण आहे ते त्याला निसटू न देणं. म्हणून खालचा सगळा क्रम त्या एका गोष्टीभोवती बांधलेला आहे. टप्पे मागेपुढे करू नका.

हे मार्गदर्शन शेततळी, गावतळी आणि उन्हाळ्यात जवळजवळ आटणारे छोटे पाझर तलाव यांच्यासाठी आहे. नदी, ओढा आणि मोठे जलाशय यांचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

## सुरुवातीआधी: या माशाच्या चार सवयी

प्रत्येक टप्पा या चार सवयींमधूनच येतो, म्हणून त्या डोक्यात पक्क्या असू द्या.

हा मासा कल्ल्यांबरोबर हवेतूनही श्वास घेतो. पाण्यातला प्राणवायू संपला की रोहू, कटला आणि लहान देशी मासे तडफडून मरतात, मागूर मात्र वर येऊन हवा घेतो आणि जगतो. ओल्या पोत्यात तो कित्येक तास जिवंत राहतो.

ओल्या रात्री तो पाण्याबाहेर पडतो. छातीच्या परांचे काटे जमिनीत रोवत, अंग वळवत तो ओल्या गवतातून शेजारच्या पाण्यात पोचतो.

पाणी आटलं की तो चिखलात घुसतो. वरून तळं कोरडं दिसतं, आत ओल असेपर्यंत मासा जिवंत असतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला, काठावर नव्याने बुडालेल्या गवतात, रात्री त्याची वीण होते. किलोभराच्या मादीत पन्नास हजारांच्या घरात अंडी असू शकतात. उबदार पाण्यात ती दीड दिवसाच्या आत फुटतात. चार-दोन मासे मागे राहिले तर काय बिघडलं, या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

खाण्याबाबत त्याला काहीच वर्ज्य नाही. लहान मासे, मरळीची पिल्लं, बेडूक, बेडूकमासे, खेकडे, गोगलगायी, किडे, सडकं मांस, सगळं तो गिळतो. शिवाय देशी मागुराशी त्याचा संकर होतो आणि आधीच दुर्मीळ झालेल्या देशी माशाचा वंश आतून बिघडतो. या सगळ्यामुळे केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पालनावर बंदी घातली. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेही त्याच्या नायनाटाचे आदेश दिले.

## टप्पा १: ओळख पक्की करा

मोहिमेच्या नावाखाली देशी मागूर, शिंगी आणि शिंगाळा मारले जाण्याचे प्रकार सर्रास होतात. मिशा दिसल्या की काठी, असं करू नका. पाच-सहा मासे पकडा, ओल्या गोणपाटावर ठेवा आणि शांतपणे बघा.

आधी मागूर कुळातलाच आहे ना ते पाहा. मिशांच्या चार जोड्या, अंगावर खवले नाहीत, डोकं चपटं. पाठीवरचा पर मानेच्या मागून सुरू होऊन जवळजवळ शेपटीपर्यंत सलग जातो आणि शेपटीचा पर गोल असतो. शिंगीला पाठीवर फक्त इवलासा पर असतो आणि तिचा काटा विषारी असतो. शिंगाळ्याची शेपटी दुभंगलेली असते आणि पाठीच्या मागच्या भागात एक मऊ, मांसल पर असतो. मरळीला खवले असतात आणि मिशा नसतात.

मग देशी की थाई, ते ठरवा:

– मासा उताणा करा. मोठ्या थाई मागुराच्या डोक्याच्या खालच्या, पांढुरक्या बाजूला दोन्हीकडे एकेक काळसर पट्टा लांबीच्या दिशेने जातो.
– डोक्यावरून अंगठा फिरवा. थाई मागुराचं डोकं मोठं, रुंद आणि खरखरीत दाणेदार लागतं.
– कवटीच्या हाडाचं मागचं टोक चाचपा. थाईमध्ये ते कोनासारखं टोकदार असतं, देशीमध्ये गोलसर.
– अंगावर संगमरवरासारखे राखाडी-काळे, वेडेवाकडे डाग असतील तर थाईचीच शक्यता जास्त.
– वजन करा. देशी मागूर सहसा काहीशे ग्रॅमवर थांबतो. दोन-तीन किलोचा मागूर देशी असूच शकत नाही.

लहान पिल्लांमध्ये या खुणा पुसट असतात आणि संकरित माशात तर मिसळलेल्या असतात. अशा वेळी अंदाज करू नका. वरून, खालून आणि बाजूने, शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा आणि जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयाला दाखवा.

सावधान: छातीच्या परांचे काटे अणकुचीदार असतात. मासा धरताना जाड हातमोजे घाला आणि डोक्याच्या मागे, दोन्ही काट्यांच्या मधून पकडा.

## टप्पा २: परवानगी, माणसं आणि तारीख

शेततळं स्वतःचं असेल तर निर्णय तुमचा. गावतळं ग्रामपंचायतीचं असतं, पाझर तलाव जिल्हा परिषदेचा किंवा मृद व जलसंधारण विभागाचा असू शकतो, आणि मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. या सगळ्यांचं लेखी हो म्हणणं आधी हातात घ्या. पाण्यात औषध टाकायचं असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाला सांगितल्याशिवाय एक किलोही टाकू नका. तळ्यात कासवं असतील तर वन विभागालाही कळवा. बऱ्याच जातींना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

तारीख उलटी मोजत ठरवा. पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात धरला तर त्याआधी चिखल वाळायला तीन आठवडे हवेत. म्हणजे पाणी उपसणं आणि मासे मारणं मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपलं पाहिजे, आणि देशी मासे वाचवायचं काम एप्रिलच्या शेवटी सुरू व्हायला हवं. जूनच्या तोंडावर सुरू केलेली मोहीम वळवाच्या पहिल्या सरीत वाहून जाते. एवढा वेळ हातात नसेल तर यंदा फक्त वाटा बंद करा, सापळे लावत राहा आणि उरलेलं काम पुढच्या उन्हाळ्यावर ठेवा.

## टप्पा ३: वाटा बंद करा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण हे काम मासे पकडण्यासारखं दिसत नाही आणि लोकांना ते वेळ घालवणं वाटतं.

तळ्याभोवती एक पूर्ण फेरी मारा आणि पाणी आत येण्याच्या आणि बाहेर जाण्याच्या सगळ्या जागांची यादी करा: सांडवा, पाणी सोडायची मोरी, भरावातून झिरपणाऱ्या जागा, खेकड्यांची बिळं, पाटाचं तोंड, पाइप. खेकड्यांची बिळं आणि भेगा ओल्या मातीने ठोकून बुजवा. मागूर पिल्लू असताना अशा जागेतून सहज जातो.

मोरी आणि पाइपांच्या तोंडाला दुहेरी जाळी लावा. बाहेरून कचरा अडवणारी ८ ते १० मिलिमीटरची आणि आतून २ मिलिमीटरची. फक्त बारीक जाळी लावली तर पाला अडकून तासाभरात तुंबते. मग कोणीतरी वैतागून ती काढून टाकतं आणि सगळं मुसळ केरात जातं. पावसाळ्यासाठी आतली जाळी १ मिलिमीटरपेक्षा बारीक लागेल, कारण तेव्हा अंडी आणि पिल्लंही पाण्याबरोबर वाहतात.

सखल काठावर आणि सांडव्याच्या तोंडाशी गुळगुळीत आडोसा उभा करा. जुने फ्लेक्स बॅनर यासाठी उत्तम. ६० सेंटिमीटर उंची जमिनीवर राहील आणि १५ सेंटिमीटर मातीत गाडलं जाईल असं लावा. माथा तळ्याच्या बाजूला थोडा झुकलेला असू द्या. शेडनेट वापरू नका. तिच्या विणीत काटे रोवून मासा वर सरकतो.

पडताळणी: जमीन ओली करून बॅटरी घेऊन रात्री दहानंतर आडोशाच्या आतून फिरा. एखादा मासा आडोशाला टेकलेला दिसला तर तिथेच त्याची वाट होती असं समजा, आणि बाहेरच्या बाजूलाही शोधा.

## टप्पा ४: देशी मासे बाहेर काढा

पाणी कमी करायच्या आधी सकाळी सहा ते नऊच्या दरम्यान पाग (फेकायचं जाळं) आणि ओढजाळ्याने मासे काढा. ऊन चढल्यावर हाताळलेला मासा बहुधा वाचत नाही.

सावलीत टप मांडा, त्यात तळ्याचंच पाणी भरा आणि बॅटरीवरचा एअरेटर लावा. १०० लिटरच्या टपात दोन किलोपेक्षा जास्त मासे नकोत. एक टप फक्त मिशा असलेल्या माशांचा, तो सगळ्यात शेवटी तपासायचा. मिशांचा एकही मासा ओळख पटल्याशिवाय दुसऱ्या टपात जाऊ देऊ नका. वाचवलेल्या माशांबरोबर बोटभर थाई मागूर नवीन तळ्यात गेला तर सगळी मेहनत उलटी लागते.

वाचवलेले मासे त्याच पाणलोटातल्या, मागूर नसलेल्या पाण्यात हापा (जाळीचा पिंजरा) लावून ठेवा. गोदावरीच्या खोऱ्यातला मासा कृष्णेच्या खोऱ्यात नेऊन सोडू नका. देशी मासासुद्धा चुकीच्या नदीत परका असतो. आणि इथे स्पष्ट सांगायला हवं, चिलापी, सायप्रिनस, रूपचंद, सकरमाउथ हे परदेशी मासे वाचवायच्या यादीत येत नाहीत.

## टप्पा ५: सापळे आणि जाळी

नरसाळ्यासारखं तोंड असलेले बांबूचे किंवा प्लास्टिक जाळीचे सापळे घ्या. आमिषाला कोंबडीची आतडी चालतात. ती बारीक छिद्रांच्या डब्यात बंद करून ठेवा, नाहीतर लहान मासे ती कुरतडून संपवतात आणि मागूर येईपर्यंत काही उरत नाही. संध्याकाळी लावा, पहाटे काढा. सापळ्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहू द्या. देशी मागूर किंवा एखादं कासव आत शिरलं तर त्यांना हवा मिळाली पाहिजे.

ओढजाळं एकदा फिरवून भागत नाही. जाळ्याचा आवाज आणि धक्का जाणवला की मागूर चिखलात तोंड खुपसतो आणि शिशाची दोरी त्याच्या अंगावरून निघून जाते. दोरीला जड साखळी बांधा, एकामागून एक तीन ओढी मारा, आणि दुसरी ओढ पहिलीच्या उलट दिशेने घ्या. जाळ्याची आस (भोक) लहान ठेवा. मोठ्या आसाच्या जाळ्यात फक्त बाप येतात आणि पिल्लं मागे राहतात.

एवढं करूनही जाळ्याने तळं कधीच पूर्ण साफ होत नाही. या टप्प्याचा हेतू संख्या कमी करणं आणि मोठ्या माद्या आधी काढणं एवढाच आहे. पाणी पूर्ण आटणार असेल तर यावर दोन-तीन रात्रींपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

## टप्पा ६: पाणी उपसा, पण ओढ्यात सोडू नका

पंपाच्या फुटव्हॉल्व्हला २ मिलिमीटर जाळीचा पिंजरा करा. पाइपच्या दुसऱ्या टोकाला बारीक जाळीची पिशवी बांधा. आणि ते टोक ओढ्यात, नाल्यात किंवा विहिरीत न सोडता उघड्या कोरड्या शेतात सोडा. जाळीतून काही निसटलंच तर ते शेतात वाळून मरेल. फक्त पाणी साचून डबकं होणार नाही हे बघा, दर दोन-तीन तासांनी पाइपची जागा बदला.

पाणी गुडघ्याएवढं राहिलं की थांबा. इथून पुढे दोन रस्ते आहेत. तळं पूर्ण कोरडं होत असेल तर उरलेलं पाणीही तसंच उपसा आणि टप्पा ७ वगळून ८ वर जा. हाच उत्तम रस्ता, औषधाशिवायचा. झऱ्यामुळे किंवा उतारामुळे पाणी पूर्ण निघतच नसेल तरच टप्पा ७.

सावधान: प्लास्टिक कागदाच्या शेततळ्याचा उतार ओला असताना साबणासारखा निसरडा होतो आणि माणसाला बाहेर येता येत नाही. गाठी मारलेला दोर वर पक्क्या खुंट्याला बांधून आत सोडलेला असल्याशिवाय कोणी उतरू नये, आणि एकट्याने तर नाहीच.

## टप्पा ७: उरलेल्या पाण्यात मोहाची पेंड

जिथलं पाणी माणसं किंवा जनावरं पितात, जे ओढ्याला जोडलेलं आहे किंवा ज्याच्या लगत पिण्याच्या पाण्याची विहीर आहे, तिथे हा टप्पा करू नका.

मोहाच्या पेंडीतलं सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन तांबड्या पेशी फोडतं. शिफारस केलेलं प्रमाण एक हेक्टर क्षेत्रात एक मीटर खोल पाण्याला २५०० किलो, म्हणजे एका घनमीटर पाण्याला पाव किलो. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं गणित सोपं आहे.

उरलेल्या पाण्याची लांबी आणि रुंदी मोजा. खोली दहा जागी काठीने मोजा आणि सरासरी काढा. मधल्या सगळ्यात खोल जागेचाच आकडा धरणं ही नेहमीची चूक. समजा पाणी ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि सरासरी ०.४ मीटर खोल आहे. ३० × २० × ०.४ म्हणजे २४० घनमीटर. त्याला पेंड लागेल ६० किलो. हाच हिशेब भरल्या तळ्याचा केला असता तर आकडा कित्येक पट झाला असता. पाणी आधी कमी करायचं ते यासाठीही.

पेंड ताजी घ्या. बुरशी लागलेल्या, वर्षभर पडून राहिलेल्या पेंडीवर विसंबू नका. रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी कालवून स्वच्छ उन्हात सगळ्या पृष्ठभागावर सारखी पसरा आणि लगेच ओढजाळं फिरवून पाणी ढवळा. काही तासांत मासे वर येऊ लागतात. आधी चिलापी आणि लहान मासे, मागूर शेवटी. तो हवा घेत असल्यामुळे जास्त वेळ तग धरतो, आणि पाणी नकोसं झालं की काठाकडे धाव घेतो. म्हणून दांड्याच्या जाळ्या घेऊन माणसं चारही बाजूंनी आणि रात्रभर उभी हवीत. संध्याकाळी मेलेले मासे बघून सगळे घरी जातात, आणि मागूर त्याच रात्री बाहेर पडतो.

पेंडीचं विष दोन-तीन आठवडे टिकतं. तोपर्यंत काठावर काटेरी कुंपण आणि ठळक पाटी ठेवा, जनावरं येऊ देऊ नका.

मोहाची पेंड मिळत नसेल तर ब्लिचिंग पावडर हा पर्याय आहे. घनमीटरला ३५ ग्रॅम. आदल्या दिवशी घनमीटरला १० ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून टाकला तर ब्लिचिंग निम्मं, म्हणजे १७.५ ग्रॅम पुरतं. वरच्या उदाहरणात २.४ किलो युरिया आणि ४.२ किलो ब्लिचिंग. हे प्रमाण सुमारे ३० टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीचं आहे. उघड्या पडलेल्या पोत्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. गढूळ, शेणामातीच्या पाण्यात क्लोरीन चिखलावरच खर्च होतो आणि माशापर्यंत पोचत नाही, म्हणून पेंडच बरी. ब्लिचिंगचा परिणाम साधारण आठवडाभरात ओसरतो.

सावधान: युरिया आणि ब्लिचिंग पावडर एका बादलीत, एका पोत्यात किंवा एकाच डब्याने कधीही घेऊ नका. दोन्हींचा संयोग स्फोटक आणि विषारी ठरतो. ब्लिचिंगला आम्लही लागू देऊ नका. मास्क, चष्मा, हातमोजे घाला आणि वाऱ्याकडे पाठ करून फवारा.

पिकावरची कीटकनाशकं, मोरचूद, जिलेटिनच्या कांड्या यांचा विचारही मनात आणू नका. त्यांनी मागुराआधी सगळं मरतं आणि गाळ वर्षानुवर्षं नासतो.

## टप्पा ८: चिखल

तळं रिकामं दिसलं की लोक थांबतात. अर्धी मोहीम खरं तर इथून सुरू होते.

पाणी निघाल्यावर पहिल्याच पहाटे चिखलावरून फळ्या टाकून फिरा. हवा घ्यायला मासा जिथे तोंड वर काढतो तिथे चिखलात अंगठ्याएवढी भोकं आणि भोवती ओलसर चकचकीत कडा दिसते. तिथे फावड्याने कोपरभर खणा. दगडांच्या खाली, भरावाच्या बाजूच्या मुळांमध्ये, जुन्या पाइपात आणि मोरीच्या कुंडात हमखास मासे असतात. हे सलग चार-पाच पहाटे करा.

पाणी साचलेल्या डबक्यांत आणि ओल्या चिखलावर कळीचा चुना टाका, चौरस मीटरला १०० ते २०० ग्रॅम. विरलेला चुना नको. तो पाण्यात असा तापत नाही. टाकल्यावर पीएच कागद बुडवा, ११ च्या वर रंग आला पाहिजे. हातमोजे, चष्मा आणि गमबूट सक्तीचे. चुन्याची धूळ डोळ्यात गेली तर बुबुळ भाजतं. चुना डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याची सलग धार धरा आणि दवाखान्यात जा.

प्लास्टिकच्या तळ्यात कळीचा चुना टाकू नका, त्याच्या उष्णतेने कागद खराब होतो. तिथे गाळ बाहेर काढून कागद धुवा आणि वाळवा. घड्यांच्या आत हात घालून बघा, तिथेच पिल्लं सापडतात.

पडताळणी: मातीला तळहात आत जाईल अशा भेगा पडेपर्यंत तळ वाळवा. भेगेत काठी घालून तळाची ओल बघा. वर भेग आणि खाली लोणी असा चिखल असेल तर मासा अजून असू शकतो. तिथे नांगर फिरवा आणि पुन्हा वाळू द्या.

## टप्पा ९: मेलेल्या माशांची विल्हेवाट

पकडलेला मासा पोत्यात घुसमटून मरेल या भरवशावर राहू नका. डोक्यावर जोराचा एक घाव घाला आणि कल्ले कापा. त्याचे हाल होत नाहीत, आणि पोत्यातून निसटून तो ओढ्यातही जात नाही.

विहीर आणि ओढ्यापासून दूर दीड मीटर खोल खड्डा घ्या. माशांच्या प्रत्येक थरावर चुना टाका आणि वर किमान ६० सेंटिमीटर माती दाबा, नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात. पुरण्याआधी मोजून, वजन करून, फोटोसह पंचनामा ठेवा. मत्स्यव्यवसाय विभागाला तो लागतो.

हा मासा वाटू किंवा विकू नका. फुकट चांगलं मटण फेकायचं कशाला, असं विचारणारा गावात कोणीतरी असतोच. पण ज्या दिवशी या माशाला भाव मिळतो, त्या दिवशी कोणीतरी त्यातले चार जिवंत बाजूला काढून ठेवतो.

## टप्पा १०: पहिला पाऊस हीच परीक्षा

पाणी भरू लागलं की बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्लं) सोडायची घाई होते. थांबा. पहिल्या मोठ्या पावसानंतर तीन आठवडे काठावरच्या बुडालेल्या गवतात दांड्याची बारीक जाळी दर चार-पाच दिवसांनी फिरवा आणि सोबत तीन रात्री सलग आमिषाचे सापळे लावा. मागुराची पिल्लं काळपट आणि बेडकाच्या पिल्लासारखी दिसतात. पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात ओता आणि मिशा शोधा. मिशा दिसल्या की मासाच.

एकही सापडला नाही तर पाण्याची चाचणी घ्या. हाप्यात १० ते २० बोटुकली ४८ तास ठेवा. सगळी चलाख राहिली आणि पीएच ८.५ च्या आत असेल तरच पुढे जा.

नवीन बीज घेताना पिशवी सरळ तळ्यात रिकामी करू नका. थाई मागूर तळ्यात परत येण्याचा सगळ्यात मोठा रस्ता हाच आहे. पिशवीतलं पाणी टपात ओता, बीज ताटलीत मूठमूठ घेऊन बघा, मिशावालं काही असेल तर अख्खी खेप परत करा आणि ते पाणीही तळ्यात टाकू नका. बीज शासकीय किंवा नोंदणीकृत मत्स्यबीज केंद्रातूनच घ्या आणि पावती ठेवा. जाळी, टप, हापे आणि बूट दुसऱ्या तळ्यावर नेण्याआधी धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा.

पडताळणी फसली तर: पिल्लं सापडली म्हणजे वाट उघडी राहिली किंवा चिखलात मासा उरला. बीज सोडू नका. सांडव्याचा आडोसा आणि मोरीची जाळी तपासा, रात्रीचे सापळे पावसाळाभर चालू ठेवा आणि पुढच्या उन्हाळ्यात टप्पा ६ पासून पुन्हा करा.

## नदी, ओढा आणि मोठे जलाशय

उजनी, जायकवाडीसारखे जलाशय किंवा वाहती नदी इथे पेंड, ब्लिचिंग, चुना काहीही टाकायचं नाही. तिथे नायनाट शक्य नाही, संख्या दाबून ठेवणं शक्य आहे. मासेमारी संस्थांनी सापडलेला प्रत्येक थाई मागूर परत पाण्यात न सोडणं, तो नोंदवणं आणि मारणं हे पहिलं काम. जूनच्या तोंडावर, वीण सुरू व्हायच्या आधी, उथळ फुगवट्याच्या काठाने रात्रीचे सापळे लावले तर अंड्यांवर आलेल्या माद्या हाती लागतात. एकदा वीण झाल्यावर पकडलेल्या शंभर माशांपेक्षा या काळातल्या दहा माद्या मोलाच्या.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो जलाशयाच्या वरच्या अंगाला असलेल्या बेकायदा तळ्यांनी. पुरात त्यांचे बांध फुटतात आणि एका रात्रीत हजारो मासे खाली येतात. कोंबडीचा किंवा कत्तलखान्याचा कचरा ओतलेली, दुर्गंधी सुटलेली छोटी तळी ही त्यांची खूण. अशी जागा दिसली तर स्वतः तिथे वाद घालायला जाऊ नका. ठिकाण, तारीख आणि फोटो यांसह सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्याकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि एक प्रत तहसीलदारांना द्या. तक्रार मेच्या आत गेली तर कारवाई पुराच्या आधी होऊ शकते.